पितळखोरा ते तेर: खाजगी गाडीचे चार दिवस आणि त्यांचा हिशोब

संभाजीनगरातून चालकासह गाडी ठरवायची आणि चार दिवसांत पितळखोऱ्याची लेणी, वेरूळ, अजिंठा, पैठण, धाराशिवची लेणी आणि धाराशिवजवळचं तेर हे जुनं गाव पाहून परत यायचं, अशा सहलीबद्दल हे लिहितो आहोत. गाडीवाल्यांच्या छापील यादीत सहसा वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि बीबी का मकबरा एवढंच असतं. पितळखोरा क्वचित असतं, तेर जवळपास नसतंच. पण गाडी ठिकाणांवर न घेता दिवसांवर घेतली की रस्ता आपण ठरवतो, आणि आमच्या मते या सेवेचे पैसे वसूल होतात ते याच दोन ठिकाणी. वेरूळ-अजिंठ्याला एसटीने जाऊन येता येतं. पितळखोऱ्याच्या पायऱ्यांपाशी एसटी सोडत नाही, आणि पैठण पाहून त्याच दिवशी धाराशिव गाठायचं तर हाताशी गाडीच लागते.

पैठण आणि तेर जोडून पाहायचं कारण जुनं आहे. 'पेरिप्लस' या नावाने ओळखलं जाणारं ग्रीक भाषेतलं व्यापारी टिपण इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. त्यात गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर, असं लिहिलं आहे. पैठणहून अकीक जातीचे दगड, तगरहून जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. हे तगर म्हणजेच आपलं तेर, ही ओळख पुरालेखांचे इंग्रज अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवली. प्रत्यक्षात तेर पैठणच्या सरळ पूर्वेला नाही, बरंच दक्षिणेला झुकून आग्नेयेला आहे. सरळ रेषेत अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे बैलगाडीचे दहा दिवस हा हिशोब पटण्यासारखा आहे.

आधी व्यवहाराचं, कारण सहल बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच.

प्रत्येक दिवसाचं अंतर साधारण असं पडतं: पहिला दिवस पितळखोरा आणि वेरूळ करून परत, १६५ किलोमीटर. दुसरा दिवस अजिंठा जाऊन-येऊन, २१०. तिसरा दिवस पैठणमार्गे धाराशिव आणि तिथली लेणी, २७५. चौथा दिवस तेर आणि परतीचा प्रवास, २८५. बेरीज ९३५. शहरात इकडेतिकडे फिरणं धरून हजारच्या आत बसतं. गाडीवाला रोजचे किमान किलोमीटर धरतो, कुणी २५०, कुणी ३००. समजा दर किलोमीटरला १४ रुपये आहे. २५० च्या किमान हिशोबाने चार दिवसांचे १००० किलोमीटर होतात, म्हणजे १४,००० रुपये. ३०० धरले तर १२०० किलोमीटर, १६,८०० रुपये. गाडी तेवढीच पळते, फरक २,८०० रुपयांचा. म्हणून किलोमीटरचा दर विचारण्याआधी किमान किती धरणार ते विचारा. स्वस्त दर सांगून ३०० चं किमान लावणारा बहुतेकदा महागच पडतो.

यातही एक बारीक गोष्ट आहे. किमान अंतर चार दिवसांच्या बेरजेवर लावायचं की रोज वेगळं? रोज वेगळं लावलं तर पहिल्या दोन दिवसांचे २५०-२५० धरले जातात आणि पुढच्या दोन दिवसांचे प्रत्यक्ष २७५ नि २८५. एकूण १०६०, म्हणजे बेरजेच्या हिशोबापेक्षा ८४० रुपये जास्त. 'चार दिवसांची बेरीज' हे शब्द मोबाइलवरच्या मेसेजमध्ये लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

चालकाचा भत्ता रोजचा असतो, तो द्यायचाच. रात्रीच्या मुक्कामाचे पैसे मात्र वेगळे. या आराखड्यात पहिल्या दोन रात्री गाडी संभाजीनगरातच असते आणि चालक स्वतःच्या घरी झोपतो. बाहेरचा मुक्काम एकच, धाराशिवचा. बिलात तीन रात्री दिसल्या तर तिथेच बोट ठेवा. धाराशिवला चालकाच्या झोपण्याची सोय कुठे आहे, हे हॉटेल ठरवतानाच विचारा. चालक गाडीत मान वाकडी करून झोपला तर दुसऱ्या दिवशीच्या २८५ किलोमीटरना तुम्ही अर्धवट झोप झालेल्या माणसाच्या हाती असता. टोल फास्टॅगमधून कापला जातो, तेव्हा 'टोलचे अंदाजे' म्हणून गोल आकडा मान्य करू नका. प्रत्येक नाक्यावर चालकाच्या किंवा मालकाच्या फोनवर मेसेज येतो, त्यांची बेरीज हीच पावती. किलोमीटरची सुरुवात गाडीच्या शेडपासून की तुमच्या दारापासून, हेही आधी ठरवा आणि निघताना मीटरचा फोटो काढा.

गाडीची पाटी पिवळी हवी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी थोडी स्वस्त मिळते, पण भाड्याने चालवलेल्या अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, कारण ती पॉलिसी भाड्याच्या वापरासाठी नसते. माणसं चार असतील तर सात आसनी गाडी घ्या. सहा असतील तर त्याच गाडीत मागची रांग उघडावी लागते आणि सामानाला जागा उरत नाही, मग बॅगा मांडीवर येतात. निघण्याआधी स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक गाडीत आहे का, एवढं डोळ्यांनी पाहा.

वार ठरवताना चूक झाली तर गाडीवाला कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. बुधवारी निघालं की बुध वेरूळ, गुरू अजिंठा, शुक्र पैठण, शनी तेर असं सरळ बसतं आणि दोन्ही लेण्यांवर शनिवार-रविवारची गर्दी टळते. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र या दिवसांत घृष्णेश्वरामुळे वेरूळचा रस्ता तुंबतो. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, पैठणात पाय ठेवायला जागा नसते. शारदीय नवरात्र ते कोजागिरी या काळात तुळजापूरच्या वाटा पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेल्या असतात आणि धाराशिवला खोली मिळणं अवघड होतं. एप्रिल-मे टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात बरा.

पहिला दिवस. इथे बहुतेक चालक वेरूळ आधी सुचवतात, कारण ते वाटेवर आहे. तसं करू नका. सकाळी साडेसहाला निघून थेट कन्नड गाठा, तिथे नाश्ता, पाणी आणि डिझेल उरका आणि पितळखोरा आधी करा. एक तर ते गौताळा अभयारण्याच्या हद्दीत दरीत आहे, पायऱ्या उतरून जायचं आणि चढून यायचं. उन्हं तापल्यावर चढण जिवावर येते. दुसरं, वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे आत उजेड येतो तो दुपारनंतर. सकाळी वेरूळ पाहणारा अर्ध्या मूर्ती अंधारात पाहून येतो.

पितळखोऱ्याला कुणी तिकडचा रस्ता खराब आहे म्हणून नको म्हणेल. शेवटचा टप्पा अरुंद आहे, पण छोटी गाडी जाते. खरी अडचण पावसाळ्यात असते: पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि ओढ्याला पाणी येतं. जोराचा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस जाऊ नये. तिथे चहाचं दुकानही नाही, माणशी दोन लिटर पाणी बरोबर ठेवा. पायात घट्ट बूट हवेत, चपला नकोत.

इथला खडक ठिसूळ, बराच भाग ढासळलेला. तरी चार नंबरच्या विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या, जोत्यावरची हत्तींची रांग आणि दारावरचे द्वारपाल शाबूत आहेत. शेजारी पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे, तो जवळून पाहा. वरच्या खडकात झिरपणारं पाणी आतून काढलेल्या वाटेने येऊन फण्यांतून बाहेर पडावं अशी ती योजना आहे. शोभेच्या नागातून पाण्याचा निचरा साधला आहे. तीन नंबरच्या चैत्यगृहातल्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहातल्या, खांबांवरचे ब्राह्मी लेख दानाचे आहेत. एक दान पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचं, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या घराण्यातल्या माणसाचं. पैठणचा व्यापारी इतक्या लांब दरीत खांब देतो, ही गोष्ट तिसऱ्या दिवशी पैठणच्या घाटावर उभं राहिल्यावर जास्त कळते. याच चैत्यगृहात उभं राहून त्याचा आकारही लक्षात ठेवा: समोर सरळ, मागे अर्धगोल. पुढे तेरला त्याची गरज पडेल.

दुपारी दीडपर्यंत वेरूळ. इथे सूर्यास्तापर्यंत चार-साडेचार तास मिळतात. ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी पाहायचा हट्ट धरला तर एकही नीट पाहून होत नाही. १०, १२, १५, १६ आणि ३२ घ्या. दहाव्यात छताच्या दगडी फासळ्या पाहा, लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल आहे. सुतार की झोपडी हे नाव उगाच पडलेलं नाही. पंधराव्यात राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख आहे. सोळाव्यात, म्हणजे कैलासात, अंगणातून फोटो काढून परतू नका, मुख्य मंदिराच्या दक्षिण भिंतीवर रामायण आणि उत्तर भिंतीवर महाभारत पट्ट्या-पट्ट्यांनी कोरलं आहे, तेवढं चालत वाचा. जैन लेणी उत्तरेला बरीच लांब आहेत, पायी जाण्यात वेळ आणि दम दोन्ही जातात, तेव्हा वाहनाने जा.

दौलताबाद या चार दिवसांत घुसवू नका. देवगिरी चढून उतरायला निम्मा दिवस लागतो, आणि पायथ्यावरून पाहून पुढे जाणं हा त्या किल्ल्यावर अन्याय आहे. त्यासाठी पाचवा दिवस ठेवा.

इथेच मार्गदर्शकाचा प्रश्न येतो. चालक हा चालक असतो. रस्ता, ढाबा, पार्किंग यांची त्याला चांगली माहिती असते, पण लेण्यांतली माहिती त्याच्याकडून घेऊ नये. वेरूळ-अजिंठ्याला परवानाधारक मार्गदर्शक मिळतात. पितळखोरा, पैठण आणि तेरला असा कुणी वाट पाहत उभा नसतो. त्यामुळे पहिल्या दिवसासाठी एकच मार्गदर्शक संभाजीनगरातूनच ठरवून गाडीत बरोबर घ्या, म्हणजे दोन्ही ठिकाणं त्याच्यासोबत होतात.

अजिंठ्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे गाडीवाल्याचं काम फर्दापूरच्या टी-पॉइंटला संपतं. खाजगी गाडी पुढे सोडत नाहीत. तिथून सुमारे चार किलोमीटर एसटीची बस नेते. सुविधा शुल्क, बसचं तिकीट आणि पुरातत्त्व खात्याचं तिकीट असे तीन वेगळे खर्च होतात, सुटे पैसे ठेवा. संभाजीनगर ते टी-पॉइंट शंभरेक किलोमीटर, सकाळी साडेसहाला निघालात तरच उघडायच्या वेळी, ९ ला, पोचता. १ आणि २ या चित्रांच्या लेण्यांत आत जाऊन निदान तीन-चार मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा चेहरा दिसतच नाही. गर्दीतले लोक दिसायला लागायच्या आतच बाहेर पडतात. दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ च्या एप्रिलमध्ये कोरलेलं नाव आहे. ते माणसाच्या उंचीच्याही वर आहे, कारण तेव्हा लेणं गाळाने भरलेलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता. लेण्यांच्या दरीत फोनचा भरवसा धरू नका. चालकाशी टी-पॉइंटवर भेटायची वेळ आधी ठरवा.

परतीच्या वाटेवर किंवा शहरात शिरताना चालक 'फॅक्टरी दाखवतो' म्हणतो. हिमरू आणि पैठणीच्या या दुकानांत त्याला टक्केवारी मिळते आणि तुमचा तास-दीड तास जातो. 'खरेदीचा थांबा आम्ही सांगू तेव्हाच' हे पहिल्या दिवशी सकाळी शांतपणे सांगितलं की बहुतेक चालक ऐकतात. पैठणी घ्यायचीच असेल तर पदर उलटून पाहा. हातमागाच्या पैठणीचे काठ आणि पदर मागूनही तसेच स्वच्छ विणलेले दिसतात, सुटे धागे लोंबत नाहीत.

तिसरा दिवस. सात वाजता निघा, सव्वाआठपर्यंत पैठण. इथे अडीच तास पुरतात. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने सातवाहन राजा पुळुमावीची राजधानी म्हणून ज्या शहराचं नाव नोंदवलं ते हेच, पण सातवाहनांचं पैठण आता इमारतींच्या रूपात उभं नाही. ते पांढरीत आहे. गोदाकाठच्या उंचवट्यांवर फिरताना पायाखालची राखट माती पाहा: शेकडो वर्षांच्या वस्तीची विटा-खापरं-राख मिसळून झालेली ती पांढरी. आपल्याकडे माळवदावर घालायला हीच माती वर्षानुवर्षं खणून नेली गेली, म्हणून मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या गावांच्या टेकाडांचे लचके तुटलेले दिसतात. नाथांची समाधी, नागघाट, तीर्थखांब आणि बाळासाहेब पाटील संग्रहालय एवढं पाहून अकरापर्यंत बाहेर पडा. संग्रहालयाची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

पाऊस झाल्यावर पांढरीतून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, शिशाची नाणी वर येतात आणि कुणीतरी ती हळूच विकायला काढतं. घेऊ नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यवहार १९७२ च्या कायद्याखाली येतो, विनापरवाना विक्रीचा धंदा हा गुन्हा आहे. आणि जागेवरून उचललेला मणी कोणत्या थरातला होता हे कायमचं पुसलं जातं, हे नुकसान मोठं आहे.

पैठणहून पाचोडला येऊन धुळे-सोलापूर महामार्ग धरा. शहागडला गोदावरी, पुढे गेवराई, बीड, मांजरसुंबा, येरमाळा, येडशी, धाराशिव. काही चालक उलट शेवगावमार्गे घाट-गावांतून नेऊ पाहतात. अंतर कमी दिसलं तरी वेळ जास्त जातो. जेवण बीडच्या पुढे, ज्वारीची भाकरी-पिठलं मिळेल अशा ठिकाणी. चारच्या सुमारास धाराशिव. सामान टाकून लगेच गावापासून आठ किलोमीटरवरची लेणी करा. सात लेणी आहेत, गाभाऱ्यात नागफणा धरलेला पार्श्वनाथ आहे. ही मुळात बौद्ध की जैन यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. लेण्यांपाशी शेवटी उतरायचं आहे, उजेड असेपर्यंतच जा.

चौथ्या दिवशी सकाळी तेर. वीसेक किलोमीटर, तेरणेच्या काठी. गावातल्या गल्ल्या अरुंद, गाडी बाहेर लावून चालत जा, नाहीतर समोरून ट्रॅक्टर आला की दहा-पंधरा मिनिटं मागे घेण्यात जातात.

त्रिविक्रमाचं देऊळ आधी पाहा. बहुतेक लोक समोरून दर्शन घेऊन परततात. तुम्ही बाहेरून पूर्ण फेरी मारून मागे या. मागची भिंत अर्धगोल वळलेली आहे आणि वरचं विटांचं छत हत्तीच्या पाठीसारखं उतरतं. पितळखोऱ्याच्या तिसऱ्या, अजिंठ्याच्या दहाव्या, वेरूळच्या दहाव्या लेण्यात आतून पाहिलेला चैत्याचा आकार तो हाच. लेणी डोंगरात कोरलेली असल्याने चैत्यगृह बाहेरून कसं दिसायचं हे तिथे कधी कळतच नाही. इथे ते विटांत बांधून उघड्यावर उभं आहे, पुढे मंडप जोडून विष्णूचं देऊळ झालेलं. अशी विटांची चैत्यगृहं देशात फार थोडी उरली आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे याच क्रमाने यायचा आमचा आग्रह आहे तो एवढ्यासाठी. तेर आधी केलं तर ही मागची भिंत नुसती भिंत वाटते. विटांवर हात फिरवू नका, कडा भुगा होऊन येतात.

उत्तरेश्वराचं विटांचं देऊळ आणि गोरोबाकाकांचं स्थान पाहून रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाला निदान दीड तास द्या. तेरच्याच एका व्यापाऱ्याने आयुष्यभर पांढरीतून गोळा केलेला हा संग्रह आहे. उत्तरेश्वराची कोरीव लाकडी चौकट इथे ठेवली आहे. रोमन नाण्यांवरून उठवलेली मातीची पदकं शोधून पाहा: सोन्याचं नाणं परवडत नसलेल्यांनी त्याचा छाप मातीत घेऊन, ओवायची सोय करून, गळ्यात घातला. हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशीही थांबा. इटलीत इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ मध्ये हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदन या दोनच ठिकाणी विशेष उल्लेखल्या जातात. काचेत आपलं प्रतिबिंब पडतं, म्हणून बाजूने वाकून पाहा. कमरपट्टा आणि पायातले वाळे तेव्हाच दिसतात.

दीड वाजता तेर सोडलं तर वाटेत जेवून सात-साडेसातला संभाजीनगर. तीन वाजता निघालात तर शेवटचे दोन तास अंधारात, उसाच्या ट्रॉल्यांमागून. हंगामात या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, तेव्हा उशीर झालाच तर धाराशिवला दुसरा मुक्काम करा आणि त्या रात्रीचे पैसे द्या.

हाती दोनच दिवस असतील तर अजिंठा सोडा, तो पुढच्या वेळी एसटीनेही होईल. पहिला दिवस पितळखोरा आणि वेरूळचं फक्त दहावं नि सोळावं लेणं, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून थेट तेर. २५० च्या किमान हिशोबात पहिल्या दिवशी न वापरलेले ८५ किलोमीटर दुसऱ्या दिवशीच्या ५३० मध्ये वळते करून घ्यायला सांगा.